‘अर्बन स्टडीज’साठी लाखो रुपये घालावेत का? बाभुळगावातून बघितलं तर हिशोब असा दिसतो

यवतमाळहून धामणगाव रेल्वेकडे निघालं की वाटेत बाभुळगाव लागतं. कापूस, सोयाबीन, तूर आणि जवळचं बेंबळा धरण, एवढीच या तालुक्याची बाहेरच्यांना ओळख. पण सरकारी कागदावर बाभुळगाव आता गाव नाही. २०१४ मध्ये राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करायचं ठरवलं आणि बाभुळगावही त्यात आलं. सरपंच गेले, नगराध्यक्ष आले. सोबत १७ नगरसेवक आणि एक मुख्याधिकारीही आले.

त्याबरोबर नवे प्रश्नही आले. शेताचा लेआउट कसा पडणार, बांधकामाची परवानगी कोण देणार, विकास आराखड्यात कुणाच्या जमिनीवर रस्त्याचं किंवा बगिच्याचं आरक्षण पडणार? हे सगळं समजावून सांगणारी माणसं छोट्या शहरांमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. मग बारावी किंवा बीए झालेल्या मुलामुलींना सोशल मीडियावर सल्ला दिसतो: शहरं वाढतायत, ‘अर्बन’ विषयात पदवी घ्या, स्कोप आहे.

स्कोप आहे हे खरं. पण तो नेमका कुणाला आहे?

आधी नावातला गोंधळ

अर्बन स्टडीज आणि अर्बन प्लॅनिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेकांचे पैसे चुकतात ते इथेच.

अर्बन स्टडीज हा समाजशास्त्राच्या अंगाने जाणारा विषय आहे. झोपडपट्टी, स्थलांतर, घरं, पाणी, नगरपालिकेचा कारभार यांचा अभ्यास त्यात होतो. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात या नावाचं एमए आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे ‘टिस’मध्ये, अर्बन पॉलिसी अँड गव्हर्नन्स हा जवळचा अभ्यासक्रम आहे. तिथे बीए, बीकॉम झालेल्यांनाही प्रवेश मिळू शकतो.

अर्बन प्लॅनिंग म्हणजे नगर नियोजन. नकाशे, रस्त्यांची रुंदी, आरक्षणं, बांधकामाचे नियम हे त्यातलं काम. बारावीला गणित असेल तर जेईई मेनचा पेपर २बी देऊन बी.प्लॅनिंगला जाता येतं. नागपूरच्या व्हीएनआयटीमध्ये अर्बन प्लॅनिंगचं एम.टेक. आहे, पण ते मुख्यतः स्थापत्य अभियंते आणि वास्तुविशारदांसाठी. काही संस्था भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रात एमए केलेल्यांनाही एम.प्लॅनला घेतात. ही वाट फार कमी जणांना माहीत असते.

माणसं कमी, तरी नोकरी का नाही?

सप्टेंबर २०२१ मध्ये नीती आयोगाने नगर नियोजनाच्या क्षमतेवर एक अहवाल काढला. देशातल्या ७,९३३ शहरी वस्त्यांपैकी ६५ टक्क्यांकडे बृहत् आराखडाच नाही, असं त्यात म्हटलं होतं. राज्यांच्या नगररचना विभागांना १२,००० हून जास्त नगररचनाकार लागतील, मंजूर पदं मात्र ४,००० पेक्षा कमी आणि त्यातलीही निम्म्याच्या आसपास रिकामी. रीलमध्ये सांगतात ते एवढंच.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. अनेक राज्यांमध्ये नगररचनाकाराच्या पदासाठी नियोजनाची पदवी आवश्यकच धरलेली नाही. म्हणजे तुटवडा आहे, पण तो भरून काढताना सरकार तुमचीच पदवी मागेल असं नाही.

महाराष्ट्रातल्या जाहिराती बघितल्या की हे स्पष्ट होतं. २०२४ मध्ये नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभागाने रचना सहायकाच्या २६१ जागा काढल्या. वेतनश्रेणी ३८,६०० ते १,२२,८००. पात्रता होती स्थापत्य, वास्तुशास्त्र किंवा तत्सम विषयातला तीन वर्षांचा डिप्लोमा. म्हणजे दहावीनंतर पॉलिटेक्निक केलेला मुलगा अर्ज करू शकत होता आणि एमए अर्बन स्टडीज झालेली मुलगी करू शकत नव्हती. त्यावरचं सहायक नगर रचनाकाराचं पद एमपीएससीतून भरतात. तिथेही अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नियोजनाची पदवी लागते.

आता बाभुळगावसारख्या नगरपंचायतीत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडे बघू. २०२३ मध्ये नगरपरिषद राज्यसेवेच्या १,७८२ जागा निघाल्या. त्यात ५७९ कर निर्धारण व प्रशासकीय अधिकारी होते, ३९१ स्थापत्य अभियंते, ३७२ अग्निशमनचे, २४७ लेखा विभागाचे. बाकीच्या वीज, संगणक, मलनिस्सारण आणि स्वच्छतेच्या. शहर अभ्यासकासाठी स्वतंत्र पद एकही नव्हतं. गंमत म्हणजे सगळ्यात मोठा गट कर निर्धारणवाल्यांचा आणि त्याला कुठलीही पदवी चालते. मुख्याधिकारी व्हायचं तर राज्यसेवा परीक्षा, तिथेही कुठलीही पदवी. यवतमाळला राहून बीए केलेल्यासाठीही ती दारं तेवढीच उघडी आहेत.

मग अर्बन स्टडीजवाले जातात कुठे? स्वयंसेवी संस्था, संशोधन संस्था, सल्लागार कंपन्या, सरकारी योजनांचे कंत्राटी कक्ष. या शेवटच्या वाटेचा धोका ताजा आहे. जून २०१५ मध्ये सुरू झालेलं स्मार्ट सिटी मिशन ३१ मार्च २०२५ ला संपलं. योजनेसोबत पगार येतो आणि योजनेसोबतच जातो.

कर्ज काढायचं तर

समजा दोन वर्षांची फी, खोलीभाडं, मेस, लॅपटॉप धरून १० लाख रुपये कर्ज काढलं. १० टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता साधारण १६,६०० रुपये बसतो आणि एकूण परतफेड १३ लाख ९० हजारांच्या पुढे जाते. शिकतानाच्या काळात चढलेलं व्याज यात धरलेलं नाही. पहिली नोकरी ३०,००० ची लागली आणि पुण्या-मुंबईत खोली घ्यावी लागली, तर घरी पाठवायला काही उरत नाही. हेच कर्ज ४ लाखांचं असेल तर हप्ता ६,६४० च्या आसपास येतो आणि चित्र बदलतं. या दोन वर्षांत न मिळालेला पगार हाही खर्चच आहे, तो कुणी मोजत नाही.

कोरडवाहू शेती असलेल्या घरात हा हिशोब आणखी अवघड होतो, कारण हप्ता दर महिन्याला येतो आणि कापसाचे पैसे वर्षातून एकदा.

खर्च कमी करायचे रस्ते आहेत. गेट पात्र असलेल्या एम.टेक. विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकतं, म्हणजे दोन वर्षांत २ लाख ९७ हजार ६००. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलतीची तरतूद आहे. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आहे. नागपूर-पुण्यासारख्या शहरात ही मदत वर्षाला ६०,००० पर्यंत जाते. मात्र सवलतीवर डोळे मिटून विसंबणं धोक्याचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘टिस’च्या विद्यार्थ्यांनी संप केला, तो आरक्षित प्रवर्गातल्या शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्यांची फी-सवलत काढून घेतल्याच्या विरोधातच.

मग कुणी घ्यावी?

हातात स्थापत्यची पदवी असेल, तर नियोजनाचं पदव्युत्तर शिक्षण फायद्याचं दिसतं. सरकारी पात्रता आधीच खिशात असते, वर नवं कौशल्य येतं. बारावीला गणित घेतलेल्यांनी सरकारी संस्थेतल्या बी.प्लॅनिंगचा विचार जरूर करावा.

बीए, बीकॉम झालेल्यांनी खासगी विद्यापीठाच्या महागड्या अर्बन स्टडीजसाठी शेत गहाण टाकणं मात्र आजच्या घडीला जमेचं वाटत नाही. संशोधनाची खरी ओढ असेल आणि शिष्यवृत्ती किंवा कमी फीची सरकारी संस्था मिळत असेल, तर गोष्ट वेगळी. अशा वेळी सोबत जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे तयार करायचं काम, शिकून घेतलेलं बरं. त्याचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

प्रवेशाची फी भरण्याआधी संस्थेला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: मागच्या दोन बॅचमधल्या किती जणांना कुठे नोकरी लागली आणि पदवीवर नेमकं काय नाव छापलेलं असेल. नियोजनाची पदवी असेल तर तिला भारतीय नगर नियोजक संस्थेची मान्यता आहे का, हेही बघावं. नंतर एमपीएससीच्या मागच्या जाहिराती काढून पात्रतेच्या रकान्यात ते नाव आहे का, ते शोधावं. या कामाला अर्धा तास लागतो आणि एक रुपयाही लागत नाही.