अंड्यांचे ट्रे, उघडी खिडकी आणि परसातला स्टुडिओ

घरामागच्या पडवीत, गॅरेजात किंवा पत्र्याच्या खोलीत गाणे-बजावणे ध्वनिमुद्रित करण्याची सोय करायची आणि तीही जुन्या, टाकून दिलेल्या वस्तूंमधून, ही कल्पना काही आजची नाही. लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाने १९४० च्या दशकात हॉलिवूडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजात असा स्टुडिओ थाटला होता. त्या काळी फिरत्या तबकडीवर सुईने खाचा कोरून ध्वनिमुद्रण करीत. तबकडीची गती किंचित जरी कमी-जास्त झाली, तरी सूर डगमगणार. त्यामुळे तिच्याखाली जड, सपाट आणि नीट तोललेले चाक हवे. लेस पॉलने त्यासाठी कॅडिलॅक मोटारीचे फ्लायव्हील वापरले. इंजिनाचे धक्के पचवून एका गतीने फिरत राहणे हेच त्या चाकाचे मूळ काम. मोटारीत काय आणि तबकडीखाली काय, जडत्वाचा नियम तोच! या गॅरेजात त्याने एका तबकडीवर वाजवलेले ऐकत ऐकत दुसऱ्या तबकडीवर त्यात भर घातली, आणि असे करत गिटारचे आठ भाग एकट्याने वाजवून ‘लव्हर’ हे ध्वनिमुद्रण तयार केले. १९४८ मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा ऐकणारे चकित झाले.

पुढे १९७३ मध्ये जमैकातल्या किंग्स्टन शहरात ली पेरी या संगीतकाराने घराच्या परसातच ‘ब्लॅक आर्क’ नावाचा स्टुडिओ बांधला. चार पट्ट्यांचे टेपयंत्र आणि मोजकी साधने, एवढ्यावर तिथून निघालेले संगीत जगभर गाजले.

यंत्रांचे जमवता येते. पण खोलीचे काय? इथे बहुतेक सर्वांना आठवतात ते अंड्यांचे ट्रे. कागदाच्या लगद्याचे ते खोलगट ट्रे भिंतीला चिकटवले की खोली ‘साउंडप्रूफ’ होते, असे आम्ही अनेकांकडून ऐकले आहे. या समजुतीत दोन अगदी वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. ती सोडवायची तर १८९५ सालात जावे लागेल.

त्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातले नवे व्याख्यानगृह ही एक डोकेदुखी होऊन बसली होती. वक्त्याने उच्चारलेला शब्द तिथे साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्या वेळात वक्ता पुढचे दहा-पंधरा शब्द बोलून जाई, आणि सगळ्यांचा काला होई. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी हे काम वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे सोपवले. सॅबिनजवळ आजच्यासारखी ध्वनिमापके नव्हती. ऑर्गनची एक नळी, तिच्यात हवा भरायची टाकी, कालमापक आणि स्वतःचे कान, एवढीच सामग्री. मोजमापे करायची ती मध्यरात्रीनंतर, कारण दिवसा रस्त्यावरच्या ट्रामगाड्या खडखडत. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री उसन्या आणी, व्याख्यानगृहात थोड्या थोड्या मांडी, नळी वाजवून बंद करी आणि आवाज ऐकू येईनासा व्हायला किती वेळ लागतो ते नोंदवी. सकाळी गाद्या परत जागच्या जागी! गाद्या वाढत गेल्या तसा निनादाचा काळ घटत गेला, आणि अखेर सव्वा सेकंदाच्याही खाली आला. एकदा तर त्याच्या ध्यानात आले की, आपल्या अंगावरचे कपडेही आवाज शोषतात. कपडे दर वेळी वेगळे होते, म्हणून त्याने हजारो नोंदी बाद केल्या आणि पुढे प्रयोगाचा एक ठरावीक पोशाखच ठेवला. विज्ञान शिकवताना हा किस्सा मुलांना जरूर सांगावा.

या खटाटोपातून निघालेले सूत्र साधे आहे. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा, की निनादकाल सेकंदांत मिळतो. समजा, परसातली खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच आहे. घनफळ ३६ घनमीटर, आणि भिंती, जमीन व छत मिळून पृष्ठफळ ६६ चौरस मीटर. गिलावा केलेली भिंत आपल्यावर पडणाऱ्या आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग शोषते असे धरले, तर एकूण शोषण २ आणि निनादकाल जवळजवळ ३ सेकंद. आता जुन्या कापसाच्या जाड गाद्या १० चौरस मीटर भिंतीवर लावल्या आणि त्या मध्यम पट्टीतला साठ टक्के आवाज शोषतात असे मानले, तर शोषण ८ च्या आसपास जाते आणि निनादकाल पाऊण सेकंदावर येतो. (ढोलाच्या खर्जाला मात्र एवढी जाडी पुरत नाही. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबीच सुमारे ३.४ मीटर असते.)

हे शोषण मोजायला सॅबिनने एकक कोणते घेतले? उघडी खिडकी! खिडकीवर पडलेला आवाज खोलीत परत येत नाही, म्हणजे खोलीपुरता तो शंभर टक्के शोषला गेला. आता गंमत पाहा. शोषणात जिला पैकीच्या पैकी गुण, ती उघडी खिडकी आवाज बाहेर जाण्यापासून मुळीच अडवत नाही. खोलीतला घुमारा कमी करणे हे एक काम, आणि आवाज शेजाऱ्यांपर्यंत जाऊ न देणे हे अगदी दुसरे.

दुसऱ्या कामाला लागते वजन. भिंतीचे दर चौरस मीटरमागचे वजन दुप्पट केले, की पलीकडे जाणारा आवाज स्थूलमानाने ६ डेसिबलने घटतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला ४ किलो भरतो. अर्ध्या विटेची भिंत दोनशे किलोंच्या घरात जाते. अंड्यांचे ट्रे एक किलोही भरत नाहीत. शोषणातही ते सामान्यच. म्हणून पाडलेल्या घराच्या विटा, जुने सागवानी दरवाजे, मातीने भरलेली पोती हाच खरा माल. शिवाय फटी बुजवायला हव्यात. भिंतीचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीची भिंत किल्ल्याची असली तरी २० डेसिबलपलीकडे अडवणूक होत नाही. आत हवा मात्र यायला हवी. त्यासाठी आतून कापडाचा थर दिलेला वळणावळणाचा मार्ग ठेवतात.

या दोन गोष्टींची गल्लत किती महागात पडू शकते, हे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने पाहिले आहे. तिथल्या वेस्ट वॉर्विक गावातल्या ‘स्टेशन’ या संगीत क्लबच्या आवाजाबद्दल शेजाऱ्यांच्या तक्रारी होत्या. त्यावर उपाय म्हणून रंगमंचाभोवतीच्या भिंतींना पॉलियुरेथेनचा फोम लावण्यात आला. हा फोम सामान बांधण्यासाठी बनवलेला, स्वस्त आणि हलका होता. असा फोम खोलीतला घुमारा कमी करील, पण वजनच नसल्यामुळे आवाज बाहेर जाण्यापासून फारसा रोखणार नाही. २० फेब्रुवारी २००३ च्या रात्री रंगमंचावरच्या शोभेच्या दारूच्या ठिणग्यांनी या फोमने पेट घेतला. काही मिनिटांत सारी इमारत धुराने आणि ज्वाळांनी भरली, बाहेर पडण्याच्या दारात चेंगराचेंगरी झाली आणि १०० माणसे प्राणांस मुकली. अंड्यांचे ट्रे म्हणजे तरी काय, वाळका कागदच. कापसाच्या गाद्याही पेटतात. तेव्हा त्या दिव्यांपासून, वायरींपासून दूर ठेवाव्यात आणि दार बाहेर उघडणारे असावे.

वर्गात हा फरक दाखवायला फारसे काही लागत नाही. घडी घातलेल्या चादरीवर गजराचे घड्याळ वाजत ठेवा. त्याच्याभोवती अंड्यांच्या ट्रेची भिंत उभी करून मुलांना ऐकायला सांगा. मग ट्रे काढून त्यावर जाड बुडाचे मोठे पातेले उपडे घाला आणि काठ चादरीत दाबून बसवा. आवाज किती पडला ते मुलांनीच सांगावे. आता काठाखाली एक पेन्सिल सरकवा आणि पुन्हा ऐका.