आगीच्या पंपाचं घराणं

अफझलगंज म्हटलं की 1908 चा मुसीचा पूर आठवतो. उस्मानिया दवाखान्यातल्या चिंचेवर चढून दीडेकशे जीव वाचले, ते झाड अजून आहे. आता भीती आगीची. खाली गोदाम, वर घर. म्हणून किर्लोस्करांचा इतिहास मला जवळचा. 1888 मध्ये लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर, 1910 ला किर्लोस्करवाडी, पुढे पंप. (याच घराण्याचं 1930 चं ‘स्त्री’ मासिक आपल्या आज्यांना पंपापेक्षा ओळखीचं!) आज ते आग विझवायचे पंपही करतात: नळातला दाब उतरला की आपोआप सुरू, वीज गेली तर डिझेलवर. आपण पाणी गाळून पितो, अग्नीतही जीव मानतो, नि जिन्यात पुठ्ठ्याची खोकी रचतो. बायांनो, पाइप न्यायचा कुठून?