आंब्याचा रस आणि मांड्याचें खापर

सेनगांवाकडे वैशाख लागला म्हणजे दुपारीं चुलीपाशीं बसणें ही शिक्षाच असते. तरीहि वर्षांतलें सर्वांत आवडतें पक्वान्न याच महिन्यांत होतें. अक्षय्यतृतीयेस पितरांच्या नांवानें घागर भरावी, रसपोळीचा नैवेद्य दाखवावा आणि मगच घरच्यांनीं आंबा तोंडास लावावा, असा जुन्या घरांचा नेम. आढींत पिकलेला आंबा पाण्यांत भिजवून, हातानें मऊ करून पिळावयाचा. वर तूप आणि सुंठ.

फळ आणि कणीक यांची सांगड इतरत्रहि घातली गेली आहे. अमेरिकेंतील ‘कॉब्लर’ हें उन्हाळी पक्वान्न त्यांपैकींच. १८५९ सालच्या एका अमेरिकन शब्दकोशांत, जाड कणकेचें अस्तर लावलेल्या भांड्यांत सफरचंद किंवा पीच घालून भाजलेला पदार्थ, अशी त्याची ओळख आहे. पश्चिमेकडे सरकणाऱ्या वसाहतवाल्यांजवळ भट्टी नव्हती. ओतीव लोखंडाचें झांकणाचें भांडें होतें. त्याच्या खालीं निखारे, झांकणावरहि निखारे, कीं झाली भट्टी. अशीं भांडीं वाळूच्या सांच्यांत ओतण्याचें पेटंट इंग्लंडांत अब्राहम डार्बी यानें १७०७ मध्यें घेतलें होतें.

ही युक्ति आपल्याकडे ठाऊक नव्हती असें मात्र नाहीं. कोंकणांत तवशाचें धोंडस याच रीतीनें, वरखालीं विस्तव ठेवून, भाजलें जाई. मग आंब्याचें तसें कां झालें नाहीं? कारण फळांतच आहे. आंबट, कठीण सफरचंदास विस्तवानें मऊपणा येतो. पिकल्या आंब्याचा वास मात्र विस्तवानें उडतो. म्हणून येथें कणीक एकटीच आगीवर गेली आणि फळ थंड राहिलें. दोघांची गांठ ताटांत.

कणीक भाजण्याची ही कला फार जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासां’त, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, खापरावर भाजावयाच्या मांड्यांचें वर्णन आहे. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडांत आणि खानदेशांत पालथ्या खापरावर हातानें फिरवून टाकलेली पोळी आजहि रसाबरोबर वाढतात. ज्ञानदेवांच्या मांड्यांची कथा सर्वांस ठाऊक आहे. मुक्ताबाईस खापर मिळूं नये म्हणून कुंभारांस दटावणारे विसोबा पुढें नामदेवांचे गुरु झाले, आणि गुरुशिष्यांची ती भेट औंढ्या नागनाथास झाली, असें परंपरा सांगते. औंढा आणि नामदेवांची नरसी, दोन्ही आजच्या हिंगोली जिल्ह्यांत. एका खापरासाठीं एवढा कलह व्हावा, यावरून त्या भांड्याची किंमत कळते!

सेनगांवचा तालुका १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यांत असलेल्या मुलुखांत मोडतो. जिल्हा बदलला त्याहून मोठा पालट आमरायांत झाला. गांवरान आंबा कोयीपासून उगवतो, म्हणून प्रत्येक झाडाची चव निराळी. शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या हीं नांवें त्या त्या झाडाचींच. रेषाळ खरा, परंतु पिळून खाण्याच्या रसास तोच हवा. जुनागडच्या नबाबानें १९३४ सालीं ज्यास ‘केशर’ हें नांव दिलें, त्या आंब्यानें मराठवाड्यांत आतां चांगलें बस्तान बसविलें असून मराठवाडा केशरास भौगोलिक मानांकनहि लाभलें आहे. त्याचा गर कापून खावा असा. त्यास दोष देणें अन्यायाचें होईल. त्याचीं कलमें हवीं तितकीं मिळतात. गांवरान झाड मात्र एकटें असतें. लाकडासाठीं तें तोडलें कीं ती चव संपली, कारण त्याच्याच कोयीपासून आलेलें रोप तेंच फळ देईल असा नेम नाहीं. त्याची पुष्ट काडी घेऊन कोंवळ्या रोपावर कलम बांधलें तर तीच चव पुढें चालते. परंतु काडी घ्यावयास तें झाड उभें असावें लागतें.