तो, ती की ते?

जॉर्ज हेरिमनच्या 'क्रेझी कॅट'विषयी मराठीत लिहू लागलो की पहिल्याच क्रियापदाशी आपण अडतो. क्रेझी आला, की आली? 1913 ते 1944 या काळात हर्स्टच्या वृत्तपत्रांत चाललेल्या या चित्रमालिकेत हेरिमनने कधी पुल्लिंगी, कधी स्त्रीलिंगी सर्वनाम योजले. 'मांजर' हा नपुंसकलिंगी शब्द हाताशी आहे खरा. पण ती पळवाट झाली. क्रेझी दोन्ही आहे. दोन्हींपैकी काहीच नाही, असे नव्हे.

कथानक म्हणावे तर एवढेच : इग्नाट्झ उंदीर वीट फेकतो, क्रेझीला ती प्रीतीची खूण वाटते, आणि क्रेझीवर जीव जडलेला हवालदार कुत्रा उंदराला कोठडीत टाकतो. मागे ॲरिझोनाचे वाळवंट मात्र चौकटीगणिक पालटते. पात्रे जागची हललेलीही नसतात. गिल्बर्ट सेल्डिस या समीक्षकाने 1924 मध्येच हिला श्रेष्ठ कलाकृती ठरवले होते.

हेरिमन हयातभर गोरा म्हणून वावरला. 1971 मध्ये त्याच्या जन्मनोंदीत 'कलर्ड' हा शब्द सापडला आणि जुनी पाने नव्याने वाचली जाऊ लागली. काळी क्रेझी सौंदर्यप्रसाधनगृहातून पांढरी होऊन येते, तेव्हा तोच इग्नाट्झ तिच्यावर भाळतो! हा प्रसंग आता निव्वळ गंमत म्हणून वाचणे आम्हांला जमत नाही. तरीही त्या एका शब्दाने सारे कोडे सुटले, असे मानणाऱ्या समीक्षेने पुन्हा एकच सर्वनाम निवडलेले असते. विटेचे काय करायचे, हे ती सांगत नाही.