टर्बोप्रॉप : अपयशातून घडलेले इंजिन

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात दुसऱ्या महायुद्धाचा धडा चालू असताना एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, "सर, जेट विमाने आल्यावर पंख्याची विमाने बंद का झाली नाहीत?" मी इतिहासाचा शिक्षक, यंत्रशास्त्राचा नव्हे. त्या दिवशी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे वाचन केले, तेव्हा या साध्या प्रश्नामागे केवढा मोठा इतिहास दडलेला आहे हे ध्यानात आले. तो इतिहास आपले पालक बंधु-भगिनी आणि विद्यार्थी मित्र यांच्यापुढे थोडक्यात मांडत आहे.

प्रथम हे यंत्र काय आहे ते पाहू. जेट इंजिनात समोरून घेतलेली हवा कॉम्प्रेसरमध्ये दाबली जाते, तिच्यात इंधन जाळले जाते, आणि तप्त वायूचा झोत मागे फेकला गेल्यामुळे विमान पुढे जाते. टर्बोप्रॉपमध्येही हीच भट्टी असते. परंतु वायूची बहुतेक शक्ती टर्बाइनचे चाक फिरवण्यात खर्च होते आणि ते चाक पुढचा पंखा, म्हणजे प्रॉपेलर, फिरवते. शुद्ध जेट फार वेगाने उडते, पण मध्यम वेगात इंधन अतोनात खाते. टर्बोप्रॉप त्यापेक्षा कमी वेगाचे, पण काटकसरी. शिवाय आखूड धावपट्टीवरून जड ओझे उचलणारे. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे.

ही कल्पना मूळची अमेरिकेची नव्हे. हंगेरीत ग्यॉर्ग येंड्रासिक या अभियंत्याने १९४० साली असे इंजिन प्रत्यक्ष चालवून पाहिले होते. अमेरिका या क्षेत्रात मागे होती. १९४१ साली तेथे जेट-शक्तीच्या अभ्यासासाठी विल्यम ड्युरंड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. ड्युरंड यांचे वय तेव्हा ८० च्या पुढे होते! समितीने वाफेची टर्बाइन बनवणाऱ्या तीन कंपन्यांना काम दिले. त्यांपैकी जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडी येथील अभियंत्यांनी टर्बोप्रॉपची निवड केली. त्यांचे टीजी-१०० हे इंजिन, जे पुढे टी-३१ या नावाने ओळखले गेले, मे १९४३ मध्ये प्रथम चालले. कॅलिफोर्नियातील नॉर्थ्रॉप कंपनीही त्या काळात टर्बोडाइन नावाच्या इंजिनामागे लागली होती. पण ते इंजिन विमानातून कधीच उडाले नाही.

टीजी-१०० चा उपयोग एक्सपी-८१ या लांब पल्ल्याच्या लढाऊ विमानात करावयाचा होता. नाकात टर्बोप्रॉप आणि शेपटीत जेट, अशी त्याची रचना. परंतु विमान तयार झाले तरी इंजिन तयार नव्हते. म्हणून फेब्रुवारी १९४५ मध्ये ते जुन्या पद्धतीचे पिस्टन इंजिन बसवून उडवावे लागले. टर्बोप्रॉपसह ते २१ डिसेंबर १९४५ रोजी उडाले. अमेरिकेतील हे पहिले टर्बोप्रॉप उड्डाण. तोवर महायुद्ध संपले होते, आणि इंग्लंडने तीनच महिन्यांपूर्वी हा मान पटकावला होता. शिवाय नव्या इंजिनाने अपेक्षेइतकी शक्ती दिली नाही. पिस्टन इंजिनाहून ते सरस ठरले नाही आणि विमानाची योजना रद्द झाली.

यानंतर सूत्रे आली इंडियानापोलिस शहरातील अॅलिसन कंपनीकडे. अमेरिकन नौदलाला मोठ्या शक्तीचे इंजिन हवे होते. अॅलिसनने टी-३८ ही दोन इंजिने शेजारी शेजारी ठेवून एकाच गिअरबॉक्सला जोडली आणि ५,००० अश्वशक्तीहून अधिक शक्तीचे टी-४० तयार केले. एकामागे एक लावलेले दोन पंखे ते परस्परविरुद्ध दिशांना फिरवीत असे. कागदावर योजना उत्तम होती. एका इंजिनाला विश्रांती द्यावी, दुसऱ्यावर इंधन वाचवीत उडावे.

प्रत्यक्षात मात्र गिअरबॉक्सने आणि पंख्याच्या नियंत्रणाने सर्वांची झोप उडवली. डग्लस कंपनीचे स्कायशार्क हे विमान १९ डिसेंबर १९५० रोजी उतरताना कोसळले आणि नौदलाचे चाचणी-वैमानिक ह्यू वूड मृत्युमुखी पडले. जोडीपैकी एक इंजिन निकामी झाले होते, पण ते पंख्यापासून आपोआप सुटे झाले नाही. जिवंत इंजिनाची शक्ती मेलेल्या इंजिनाला फरफटत फिरवण्यातच गेली. बैलगाडीचा एक बैल बसला आणि जू सोडता आले नाही, तर दुसऱ्याची जी गत होईल तीच ही गत.

ट्रेडविंड नावाच्या प्रचंड उडत्या नौकेनेही आशा दाखवली. फेब्रुवारी १९५५ मध्ये तिने अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ताशी ४०३ मैल सरासरी वेगाने उड्डाण केले. पण तिलाही पंखे आणि गिअरबॉक्सच्या बिघाडांनी ग्रासले आणि १९५८ साली ती सेवेतून काढून घेण्यात आली.

अॅलिसनने यातून एक धडा घेतला : जोडगोळीचा हव्यास सोडावा, एकच इंजिन, पण भक्कम बनवावे. टी-३८ वरूनच विकसित झालेले हे इंजिन म्हणजे टी-५६. याचे टर्बाइन मिनिटाला १३,८२० फेरे घेते. पंखा मात्र सुमारे १,०२० फेरेच घेतो. मधली सर्व किमया दंतचक्रांची. वैमानिक शक्ती वाढवतो तेव्हा फेरे वाढत नाहीत. इंधन वाढते आणि पंख्याच्या पात्यांचा कोन बदलतो. अशी चार इंजिने लावलेले लॉकहीडचे हर्क्युलिस हे मालवाहू विमान २३ ऑगस्ट १९५४ रोजी प्रथम उडाले. सुरुवातीला त्याच्याही पंख्यांनी त्रास दिला. पंखे बदलण्यात आले आणि विमान टिकले.

हे यश पाहून लॉकहीडने याच जातीच्या इंजिनांचे इलेक्ट्रा हे प्रवासी विमान बनवले. जानेवारी १९५९ मध्ये ते सेवेत आले. २९ सप्टेंबर १९५९ रोजी टेक्सासमध्ये एक इलेक्ट्रा हवेतच मोडले. ३४ जण दगावले. १७ मार्च १९६० रोजी इंडियानात दुसरे मोडले; ६३ जण गेले. दोन्ही वेळा पंख तुटून पडला होता. देशभर खळबळ उडाली. सरकारने विमाने बंद केली नाहीत, परंतु त्यांच्या वेगावर मर्यादा घातली.

कारखान्यातील अभियंते आणि नासाचे शास्त्रज्ञ कामाला लागले. वातबोगद्यातील चाचण्यांतून कारण हाती आले. भोवऱ्याची आर सैल झाली की तो कसा डुलू लागतो, हे मुलांनी पाहिलेच आहे. इलेक्ट्राच्या बाहेरच्या इंजिनाची बैठक कमकुवत झाली की फिरता पंखा तसाच डुलू लागे. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेले हलके झोकेही त्याला उंच नेतात. त्याप्रमाणे ते डुलणे पंखाच्या स्वाभाविक कंपनाशी जुळले की काही क्षणांत पंख तुटे. दोष टर्बाइनचा नव्हता, बैठकीचा होता. लॉकहीडने स्वखर्चाने बैठकी आणि पंख मजबूत करून दिले आणि १९६१ साली वेगमर्यादा उठली.

येथे एक गोष्ट मनाला चटका लावते. पंख्याच्या अशा डुलण्याची शक्यता टेलर आणि ब्राउन या दोघा अभियंत्यांनी १९३८ सालीच एका निबंधात मांडली होती. तेव्हाच्या विमानांना त्याचा धोका नव्हता, म्हणून ती गोष्ट मागे पडली. ज्ञान कपाटात होते. वेळेवर कोणाच्या हाताला लागले नाही.

टी-५६ पुढे १८,००० हून अधिक संख्येने बनले. आपल्याही देशाशी या परंपरेचा संबंध आला. भारतीय वायुसेनेत २०११ साली नव्या पिढीची हर्क्युलिस विमाने दाखल झाली. त्यांची इंजिने इंडियानापोलिसमधील अॅलिसनच्याच वारशातून आलेली आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांपैकी एक विमान लडाखमध्ये १६,६१४ फूट उंचीवरील दौलत बेग ओल्डी येथे उतरले.

विद्यार्थी मित्रांनो, या इतिहासात अग्नी पेटवणे सोपे ठरले. अवघड ठरले ते जोडकाम. दंतचक्र, पात्यांचे नियंत्रण, इंजिनाची बैठक, या कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या भागांनीच विमाने पाडली, आणि त्यांच्याकडे लक्ष दिले तेव्हाच विमाने तरली. चूक झाकून न ठेवता शोधली, म्हणून पुढचे प्रवासी वाचले. पालकांनाही एकच विनंती. मुलाची उत्तरपत्रिका हाती आली की गुणांच्या आकड्यावरच थांबू नका. कोठे चुकले आणि का चुकले, हे त्याच्याजवळ बसून पाहा.