ऑफ-रोड गाडीचं सस्पेन्शन आणि अँटी-रोल बार: नेहमीचे बिघाड कसे ओळखायचे?

मी मोरव्यात राहतो. इथे एका बाजूला खाडी, पुढे उत्तनचा समुद्र. खाऱ्या हवेने गाडीच्या पोटाखालचं लोखंड लवकर गंजतं, म्हणून हा विषय थार-जिम्नीवाल्यांच्या कामाचा आहे.

आधी काम समजून घेऊ

स्प्रिंग किंवा पाटे गाडीचं वजन पेलतात. शॉकअप त्यांची उसळी आवरतो. अँटी-रोल बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी. वळणावर गाडी झुकली की ती पिळली जाते आणि झुकणं कमी करते. दोन्ही चाकं एकदम वर गेली, तर ती पिळलीच जात नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

2010 च्या थारला मागे पाटे होते. 2020 च्या थारला मागे कॉइल स्प्रिंग आल्या. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल आहे.

1. खड्ड्यात टकटक

स्पीडब्रेकरवरून आधी दोन्ही चाकं सरळ न्या, मग एकच चाक न्या. मित्राला बाहेरून मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करू द्या. एकाच चाकाला आवाज जास्त येत असेल, तर पहिला संशय अँटी-रोल बारच्या लिंक रॉडवर किंवा बुशवर घ्या.

2. गाडी उसळत राहते

शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसतं, टायर ठिकठिकाणी झिजतो. खड्ड्यानंतर गाडी किती वेळा वर-खाली होते, ते स्लो-मोशनमध्ये बघा. शॉकअप जोडीनेच बदला.

3. एक बाजू खाली

टायरची हवा सारखी करा. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. ठळक फरक असेल, तर स्प्रिंग बसलेली किंवा पाटा तुटलेला असू शकतो.

4. बॉल जॉइंट सैल

हा सगळ्यात धोकादायक. रबरी टोपी फाटली की आत चिखल आणि खारं पाणी जातं. जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं आणि गाडी हातातून जाते. स्टेअरिंग ढिलं आणि चाकात खडखड असेल, तर गाडी चालवू नका, टो करून न्या.

5. स्टेअरिंग जोरात थरथरतं

पुढे सलग अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांत खड्डा बसल्यावर हे होऊ शकतं. जोरात ब्रेक मारू नका. स्टेअरिंग घट्ट धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, वेग हळूहळू उतरू द्या. नंतर पॅनहार्ड रॉडचे बुश, बेअरिंग आणि व्हील बॅलन्सिंग तपासा. नुसता स्टेअरिंग डॅम्पर बदलला, तर दुखणं फक्त झाकलं जातं.

बार काढून टाकला तर?

दगडधोंड्यात चाकं जास्त खाली-वर व्हावीत म्हणून काही जण लिंक सोडतात. रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढचा बार बटणाने सुटतो, पण वेग ताशी 29 किलोमीटरच्या वर गेला की सिस्टीम तो पुन्हा जोडते. हाताने सोडला असेल, तर तो घाटात शिरण्याआधी जोडायचाच. उंच गाडी बाराशिवाय वळणावर फार झुकते.

रोजची काळजी

समुद्रकिनाऱ्यावरून आल्यावर गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका. मेकॅनिककडे जाताना आवाजाचं रेकॉर्डिंग दाखवा, म्हणजे उगाच चांगले पार्ट बदलले जाणार नाहीत.