चाळ, गहाणखत आणि पागडी
मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास लिहिताना चाळीतल्या भाडेकरूंकडे अभ्यासकांचे लक्ष पुष्कळ गेले, तितके ती चाळ ज्या पैशातून उभी राहिली त्या पैशाकडे गेले नाही. 1854 मध्ये पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन झाल्यापासून पुढच्या अर्धशतकात शहरात जी कामगारवस्ती वाढली, तिला निवारा पुरवण्याचे काम गिरणीमालकांनी वा सरकारने फारसे केले नाही. ते बहुतांशी खाजगी घरमालकांनी केले, आणि त्यांत एकदोन इमारतींपलीकडे मिळकत नसलेले लहान मालकही होते. अशा मालकापुढचा मूळ प्रश्न एकच होता : दरमहा येणाऱ्या भाड्यातून घरपट्टी, दुरुस्ती आणि कर्जाचे व्याज भागून हाती काही उरेल का.

जमिनीची किंमत एकरकमी देणे लहान मालकाला अवघड असे. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भागातील भूखंड विकण्याऐवजी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले, त्यामुळे मालकाला जमिनीच्या किमतीऐवजी वार्षिक भुईभाडे भरून आपले भांडवल बांधकामात घालता येऊ लागले. बांधकामासाठी कर्ज काढायचे, तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाणाचे अनेक प्रकार मान्य केले होते. त्यांतील ताबेगहाणात मिळकतीचा ताबा सावकाराकडे जाई आणि भाडी तोच वसूल करून व्याजापोटी, प्रसंगी मुद्दलापोटीही, वळती करून घेई. दुसरा प्रकार मिळकतीची खते सावकाराकडे ठेवून कर्ज उचलण्याचा होता; मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा ठरावीक शहरांतच त्याला कायद्याची मान्यता होती आणि नोंदणीकृत गहाणखताची खटपट त्यात वाचत असल्यामुळे व्यापारी शहराला तो सोयीचा होता. कोणताही मार्ग पत्करला तरी कर्जाचा खरा आधार विटा-चुना नसून खोल्यांचे भाडे हाच होता.

हा आधार प्रथम हलला तो पहिल्या महायुद्धात. बांधकाम मंदावले, शहरात येणाऱ्यांचा ओघ थांबला नाही आणि भाडी चढू लागली, तेव्हा 1918 च्या कायद्याने ती 1 जानेवारी 1916 च्या पातळीशी बांधली गेली. ही मर्यादा तात्पुरती मानली गेली होती व पुढे शिथिलही झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परतलेले नियंत्रण मात्र मुक्कामालाच आले. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजीचे भाडे हे ‘प्रमाण भाडे’, म्हणजे मालकाला कायदेशीरपणे मागता येणारे भाडे, ठरवले आणि त्यानंतर प्रथमच भाड्याने दिलेल्या जागेचे पहिले भाडे हेच सामान्यतः तिचे प्रमाण भाडे मानले. भाडेकरूला बेदखलीपासून मिळालेले संरक्षण आवश्यक होते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु व्याज, मजुरी व सिमेंट बाजारभावाने वाढत असताना उत्पन्न एका तारखेला गोठवले गेल्याने भाड्याच्या जोरावर कर्ज काढण्याचा जुना हिशेब मोडला.

त्या जागी आली पागडी, म्हणजे खोलीचा ताबा देताना मालकाने भाड्याव्यतिरिक्त घेतलेली एकरकमी रक्कम. 1947 च्या कायद्याने ती घेणे हा गुन्हा ठरवला होता, तरी ती चालूच राहिली, आणि केवळ मालकाच्या लोभातून याचा उलगडा होत नाही. पागडी हे वस्तुतः बिनव्याजी भांडवल होते आणि ते देणारा सावकार नसून स्वतः भाडेकरूच होता. त्याच्या मोबदल्यात मालकाने खोलीचे भविष्यातील जवळजवळ सारे उत्पन्न सोडून दिलेले असे. पुढे भाडेकरूने खोली दुसऱ्याला दिली की मिळालेल्या रकमेतला ठरावीक वाटा, बहुधा एक तृतीयांशाच्या आसपास, मालकाला द्यायचा असा रिवाज पडला. हाती आलेली पागडी दुरुस्तीसाठी राखून ठेवण्याचे बंधन कोणावरच नव्हते, आणि या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष तोच होय. इमारती कोसळू लागल्यावर 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापून जुन्या इमारतींवर उपकर बसवला. मालकाने करायचा खर्च अशा रीतीने अंशतः सार्वजनिक झाला.

नवे भांडवल तोवर भाड्याच्या इमारतींकडे पाठ फिरवून मालकीच्या सदनिकांकडे वळले होते. त्या व्यवहारात बांधकामाचा पैसा खरेदीदाराच्या आगाऊ हप्त्यांतून उभा राही, आणि त्यातील गैरप्रकार रोखण्यासाठी 1963 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये भाडे गोठवणाऱ्या तरतुदी अवाजवी ठरवल्या. त्यानंतर आलेल्या 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने पागडी घेणे वैध केले आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली. ही वाढ चक्रवाढीने धरली तरी शंभर रुपयांचे भाडे वीस वर्षांत जेमतेम 219 रुपयांवर पोहोचते. त्यामुळे जुन्या चाळीच्या मालकाची खरी मिळकत दरमहाच्या भाड्यापेक्षा हस्तांतराच्या वाट्यावर आणि पुनर्विकासाच्या अपेक्षेवर अवलंबून राहिली.